अंगावरची अक्षरे : उतरवण्याचा अधिकार कोणाला?

कपडा बोलतो, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. जाहिरातवाले सांगतात, फॅशनचे जाणकार सांगतात, विद्यापीठांतले चिन्हमीमांसकही सांगतात. आपल्याला यात नवे वाटावे असे काही नाही. या देशात कपडा शतकानुशतके बोलत आला आहे. फक्त त्याने काय बोलावे हे तो अंगावर घालणाऱ्याने ठरवलेले नव्हते. चांडाळाने मृतांची वस्त्रे नेसावीत, लोखंडाचे दागिने घालावेत आणि दिवसा कामासाठी फिरताना राजाज्ञेने ठरलेल्या खुणा अंगावर वागवाव्यात, असे मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके होते. मराठी मुलुखात त्याच्या मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा होता, तो अशासाठी की कोणा सवर्णाला चुकूनही विटाळ होऊ नये. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. तेव्हा माणसाच्या अंगावर मजकूर छापण्याचा धंदा टी-शर्टच्या कारखान्यांनी सुरू केला, हा समज चुकीचा आहे. पहिला मजकूर व्यवस्थेने छापला, आणि तो आमच्या अंगावर छापला.

हे आधी सांगण्याचे कारण असे की, आज आपल्या चळवळीतल्या तरुणांच्या छातीवर अक्षरे आली आहेत. 'जय भीम' आहे, बाबासाहेबांची रेखाकृती आहे, अशोकचक्र आहे, बोधवाक्ये आहेत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर असे टी-शर्ट विकणारे ठेले पुस्तकांच्या ठेल्यांशेजारी लागतात. याविषयी आपल्यात दोन मते ऐकू येतात. जुने कार्यकर्ते म्हणतात, विचार डोक्यात जायचा तो छातीवरच थांबला. तरुण म्हणतात, ही आमची अस्मिता आहे, आम्ही ती मिरवणार. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. दोन्ही मते घालणाऱ्याच्या मनापुरता विचार करतात. कपड्यावरच्या मजकुराचा अर्थ घालणाऱ्याच्या मनात पुरा होत नाही. तो छापणारा, घालणारा आणि वाचणारा अशा तिघांत मिळून तयार होतो. या तिघांत सत्ता सारखी वाटलेली नसेल, तर कपडा असे काही बोलून जातो की जे छापणाऱ्याच्या मनात नव्हते आणि घालणाऱ्याच्याही नव्हते. हा अनपेक्षित मजकूर कसा वाचावा, एवढाच या लेखाचा विषय आहे. तो वाचण्यासाठी मला एक साधा प्रश्न उपयोगी वाटतो. हा कपडा उतरवून ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे?

प्रथम हेतूचा प्रश्न निकालात काढू. जानेवारी २०१८ मध्ये एच अँड एम या स्वीडिश कंपनीच्या जाहिरातीत एका काळ्या वर्णाच्या लहान मुलाच्या अंगात हिरवा हूडी होता आणि त्यावर 'जंगलातले सगळ्यात झकास माकड' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. जगभर संताप उसळला. कंपनीने माफी मागितली, कपडा मागे घेतला. बचाव करणारे म्हणाले, लहान मुलाला लाडाने माकड म्हणण्यात वाईट काय? खरे आहे. आपल्याकडेही आई लेकराला लाडाने 'माकडा' म्हणते. पण गोऱ्या वंशवादाने काळ्या माणसाला माकड ठरवण्यासाठी शास्त्रे रचली, चित्रे काढली, शिव्या बनवल्या. तो इतिहास त्या मुलाच्या अंगावर आधीच लिहिलेला होता. हूडीवरची अक्षरे त्याच्यावर जाऊन पडली. मजकूर तोच ठेवा, शरीर बदला, अर्थ बदलतो.

त्याआधी ऑगस्ट २०१४ मध्ये झारा या स्पॅनिश कंपनीने लहान मुलांचा एक आडव्या पट्ट्यांचा शर्ट विकायला काढला होता. त्याच्या छातीवर सहा टोकांची पिवळी चांदणी होती. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ती अमेरिकन सिनेमातल्या शेरीफची चांदणी होती. वाचणाऱ्यांना मात्र १९४१ चा सप्टेंबर आठवला. त्या महिन्यात जर्मनीत सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूने छातीवर पिवळी चांदणी शिवलीच पाहिजे, असा हुकूम निघाला होता. पट्टे पाहून छळछावण्यांतले कैदी आठवले. हाही शर्ट मागे घ्यावा लागला. दोन्ही वेळा कंपन्यांचे म्हणणे एकच होते, आमचा हेतू तसा नव्हता. हे वाक्य आपल्या कानाला चांगले परिचयाचे आहे. वर्गात आडनाव विचारणारा, वेगळा कप पुढे करणारा, 'तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो' असे कौतुक करणारा, प्रत्येक जण हेच सांगतो. हेतू नव्हता हे अनेकदा खरेही असते. मात्र ज्याला इतिहास सोसावा लागला नाही त्यालाच तो विसरण्याची चैन परवडते. न कळणे हाही सत्तेचाच एक प्रकार आहे.

आता आपल्याकडे वळू. ३१ जुलै २०१९ रोजी तामिळनाडूच्या शालेय शिक्षण संचालकांना एक परिपत्रक काढावे लागले. काही शाळांतली मुले जातीप्रमाणे लाल, पिवळे, हिरवे, भगवे दोरे मनगटाला बांधून येत होती. कोण कोणाचा, कोणाशी खेळायचे, कोणाला मारायचे हे त्या रंगांवरून ठरत होते. परिपत्रकाने प्रश्न मिटला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच राज्यात नांगुनेरी येथे एका दलित विद्यार्थ्यावर आणि त्याच्या बहिणीवर शाळासोबत्यांनीच घरात घुसून कोयत्याने वार केले. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या समितीने जून २०२४ मध्ये अहवाल दिला आणि असे दोरे, अंगठ्या व कपाळावरच्या खुणा शाळेत बंद कराव्यात अशी शिफारस केली.

या दोऱ्यावर एकही अक्षर नाही. तरी तो पेशवाईतल्या काळ्या दोऱ्याइतकाच स्पष्ट वाचता येतो. फरक एवढाच की, तेव्हा दोरा अस्पृश्याच्या हातात सक्तीने बांधला जाई. आता प्रत्येक जातीचा मुलगा आपापला दोरा हौसेने बांधतो. सक्ती गेली म्हणून खूण निरुपद्रवी झाली असे मात्र नाही. वरच्या जातीच्या मुलाचा दोरा म्हणतो, मी कोण आहे ते बघ. दलित मुलाने दोरा बांधला तर तो सांगतो, मला कोठे गाठायचे ते बघ; आणि बांधला नाही तर रिकामे मनगटही तेच सांगते. दोऱ्यांच्या या भाषेत त्याला मुका राहण्याचीही सोय नाही. वरच्या जातीचा मुलगा दोरा सोडून नोकरीला लागेल आणि त्याचे काही अडणार नाही. दलित मुलाचा दोरा मनगटावर नसतोच, तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात असतो.

सरकारी मजकुराचे उदाहरण याहून बोलके आहे. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. गांधीजींचा चष्मा हे त्याचे बोधचिन्ह आणि 'एक कदम स्वच्छता की ओर' ही त्याची घोषणा. घोषणा सर्व नागरिकांना उद्देशून आहे. पहिल्या दिवसांत मंत्र्यांनी, नटांनी, उद्योगपतींनी हातात झाडू धरून छायाचित्रे काढली. छायाचित्र झाले, झाडू खाली ठेवला, सगळे घरी गेले. आज तो चष्मा आणि ती घोषणा तुम्हाला नियमाने कोठे दिसते? अनेक शहरांत ती कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या चकाकत्या पट्ट्यांच्या जाकिटावर, त्याच्या पाठीवर दिसते. जे वाक्य तुम्हाआम्हा सर्वांना सांगायचे होते, ते एका ठरावीक पाठीवर छापले गेले. पाठीवरचा मजकूर घालणाऱ्याला वाचता येत नाही. तो मागून चालणाऱ्यासाठी असतो. आणि मागून चालणारा त्यात वाचतो ते असे: स्वच्छता हे या माणसाचे काम आहे, माझे नव्हे.

त्या पाठी कोणाच्या आहेत? गटारे आणि मलटाक्या साफ करणाऱ्या कामगारांची नोंद केंद्र सरकार 'नमस्ते' योजनेखाली करीत आहे. २०२४ मध्ये बाहेर आलेल्या त्या नोंदींनुसार, पडताळणी झालेल्या सुमारे ३८ हजार कामगारांपैकी जवळजवळ ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातले होते. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला. म्हणजे कायद्याने बंदी, घोषणेत सर्वांचा सहभाग, आणि पाठीवर जात. अभियानाच्या कोणा अधिकाऱ्याने हे ठरवून केले असेल असे मी म्हणत नाही. ठरवण्याची गरजच नव्हती. मजकूर ठेवायला जागा शोधली आणि जागा परंपरेने तयार ठेवलेली होती. कमरेच्या झाडूला बोधचिन्ह मिळाले एवढेच.

आता मजुरांच्या नाक्यावर उभे राहून पाहा. मी ज्या शहरात राहतो तेथे सकाळी रोजगाराच्या आशेने माणसे रांगेने उभी असतात. त्यांच्या अंगातल्या शर्टांवर काय काय लिहिलेले असते! कोणा संगणक कंपनीचे वार्षिक संमेलन, कोणा महाविद्यालयाची अमुक सालची तुकडी, पडलेल्या उमेदवाराचे चिन्ह. एकाच्या छातीवर मी शहराच्या मॅरेथॉनचे 'फिनिशर' हे अक्षर वाचले आहे, म्हणजे शर्यत पुरी केलेला. तो सकाळी सहापासून उभा होता आणि त्याची शर्यत अजून सुरूही झाली नव्हती. हे कपडे बोहारणीच्या गाठोड्यातून येतात, जुन्या बाजारातून येतात, धुणीभांडी करणाऱ्या बाईला मालकिणीने दिलेल्या पिशवीतून येतात. त्यावरच्या इंग्रजी मजकुराशी घालणाऱ्याचे काही नाते नसते. मग त्यातून वाचले काय जाते? एकच गोष्ट: हा कपडा आधी दुसऱ्याच्या अंगावर होता. महारकीत मढ्यावरचे कापड हा 'हक्क' म्हणून मोजला जाई. मनुस्मृतीने आज्ञा केली, गावगाड्याने तिला हक्काचे नाव दिले, आणि शहराने तिला दान म्हटले. देणाऱ्याच्या मनात दया असते हे मी नाकारत नाही. पण स्वतःचा कपडा, स्वतः निवडलेल्या अक्षरांसह, विकत घेता येईल एवढी मजुरी या माणसाला का मिळत नाही, हा प्रश्न त्या दयेने आजवर विचारलेला नाही.

याच्या उलट एक चित्र आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरी कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार मेले. त्यानंतर तेराशे कामगारांनी संप केला. मोर्च्यात त्यांनी फलक धरले, गळ्यात अडकवून छातीवर घेतले. त्यावर इंग्रजीत चारच शब्द होते, 'आय अ‍ॅम अ मॅन'. मी माणूस आहे. या संपाच्या पाठिंब्यासाठी आलेले मार्टिन ल्यूथर किंग यांचा ४ एप्रिल १९६८ रोजी त्याच शहरात खून झाला. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन आपल्याकडे १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, तेव्हा हे नाते आपल्याला परके नाही. गळ्यात मडकेही अडकवले जाते आणि गळ्यात फलकही अडकवला जातो. मडके दुसऱ्याने अडकवले, फलक स्वतः अडकवला. मडक्याचा मजकूर होता 'हा माणूस नव्हे', आणि फलकाने त्याच गळ्यातून त्याला उत्तर दिले. मेम्फिसचा कामगार आणि आपल्या शहरातला जाकीटवाला कामगार एकच काम करतात. एकाच्या छातीवर स्वतःचे वाक्य आहे, दुसऱ्याच्या पाठीवर सरकारचे.

बाबासाहेबांनी ही कपड्याची भाषा फार लवकर ओळखली होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेच्या दिवसांत त्यांनी स्त्रियांना स्वतंत्रपणे सांगितले की, अस्पृश्यपणा ओळखू येईल असे लुगडे नेसणे सोडा, जातीची खूण झालेले जड दागिने टाका, लुगडे फाटके असले तरी ते स्वच्छ असू द्या. काही लोकांना हा कपड्यालत्त्याचा किरकोळ उपदेश वाटतो. तो किरकोळ नव्हता. ग्रंथातला मजकूर जाळला आणि अंगावरचा मजकूर उतरवायला सांगितला. ही एकाच कृतीची दोन अंगे होत. अंगावरचा मजकूर किती जीवघेणा होता याचा पुरावा लगेच मिळतो. इंदूर भागातल्या बलाई समाजाने जरीकाठी पागोटी घालू नयेत, रंगीत काठांची धोतरे नेसू नयेत, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, असे फर्मान सवर्णांनी काढल्याची बातमी जानेवारी १९२८ मध्ये वर्तमानपत्रात आली. ते न मानणाऱ्या बलायांच्या विहिरी बंद झाल्या, गुरांचे चरणे बंद झाले, अत्याचार झाले. बाबासाहेबांनी १९३६ च्या त्या भाषणात हाही दाखला दिला आहे. आणि हे सगळे जुने झाले असे कोणी म्हणू नये. मे २०२३ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला मारहाण झाली. त्याचा अपराध असा की, त्याने चांगले कपडे घातले होते आणि डोळ्यांवर गॉगल होता. त्या कपड्यांवर कोणतीही घोषणा नव्हती. मारणाऱ्यांनी मात्र ती वाचली.

या संदर्भात बाबासाहेबांचा सूट पाहिला पाहिजे. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत पंचा स्वीकारला आणि देशाने त्यांच्या त्यागाला नमस्कार केला. त्याग खरा होता, पण त्यासाठी उतरवायला काही असावे लागते. गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या लंगोटीवर राहिलेल्या माणसाला कोणी महात्मा म्हटले नाही. ज्याच्या अंगावरून कपडे आधीच हिरावले गेले आहेत त्याच्यापुढे त्याग हा आदर्श ठेवणे ही थट्टा आहे. त्याच्यासाठी मुक्तीचा अर्थ कपडा घालणे असा होतो. बाबासाहेबांचा सूट पाहून त्यांना 'साहेबी' म्हणणाऱ्यांनी त्यात अनुकरण वाचले; वस्तीतल्या माणसाने त्यात बंदी मोडलेली वाचली. एकाच कपड्याचे हे दोन अर्थ होत. आजही पुतळ्याच्या निळ्या कोटाकडे पाहून नाक मुरडणारे आणि त्या कोटापुढे वाकणारे असे दोन वाचक या समाजात आहेत. ते दोघे कधी एका विहिरीवर पाणी भरत नव्हते हे विसरू नये.

आणखी एक धोका बाजाराकडून येतो. अल्बर्टो कोर्डा यांनी ५ मार्च १९६० रोजी हवानातल्या एका शोकसभेत चे गव्हेराचे छायाचित्र टिपले. १९६८ साली जिम फिट्झपॅट्रिक या आयरिश चित्रकाराने त्यावरून लाल-काळे चित्र काढले आणि चळवळींना ते विनामूल्य वापरता यावे म्हणून मोकळे सोडले. ते चळवळींनी वापरले. पण त्याहून अधिक दुकानदारांनी वापरले. पुढे तो चेहरा व्होडकाच्या जाहिरातीत आला, तेव्हा म्हाताऱ्या कोर्डांना २००० साली न्यायालयात जावे लागले. चेहरा राहिला, कार्यक्रम गेला. आज तो शर्ट घालणाऱ्या किती जणांना बोलिव्हियाचे नाव सांगता येईल? आपल्या बोधवाक्याचे काय झाले ते पाहा. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीत जो क्रम सांगितला तो एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ असा होता. शिका, मन पेटू द्या, मग संघटित व्हा. आपल्या अनेक शर्टांवर तो 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असा छापला जातो. मधली पायरी शेवटी गेली, आणि तिचा अर्थ रस्त्यावरच्या लढ्यापुरता उरला. शिकलेल्या माणसाच्या मनात आधी अस्वस्थता पेटली पाहिजे, तिच्यातून संघटना उभी राहिली पाहिजे, हा विचार छातीवर मावला नाही. विचार पेटण्याआधीच संघटना बांधल्या तर त्यांचे किती गट होतात, हे आपल्या राजकारणाकडे पाहून मी वेगळे सांगायला नको.

पुढाऱ्यांच्या उपरण्यांविषयीही बोलले पाहिजे. १४ एप्रिलला निळे उपरणे गळ्यात घालून पुतळ्याला हार घालणारे पुढारी सर्व पक्षांत आहेत. कार्यक्रम संपला की गाडीत ते उपरणे घडी होते आणि पुढच्या कार्यक्रमाचा रंग गळ्यात येतो. त्यांना सांगायचे असते 'मी तुमचा'. उपरणे सांगते ते वेगळेच: मला तुमचा रंग काढून ठेवता येतो. तुम्हाला तुमची जात काढून ठेवता येत नाही, आणि आपल्यातले अंतर ते हेच.

आता 'जय भीम' लिहिलेल्या शर्टाविषयी माझे मत सांगतो. एका विद्यार्थ्याने मला सांगितले की, भाड्याची खोली शोधायला जाताना तो साधा चौकड्याचा शर्ट घालतो आणि खोली मिळून सहा महिने झाल्यावर बाबासाहेबांचा शर्ट दोरीवर वाळत घालतो. त्याला भित्रा म्हणणाऱ्यांनी आधी त्याला खोली द्यावी. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन मोबाइलवर वाजली म्हणून एका दलित तरुणाचा खून झाला, हे त्या विद्यार्थ्याला माहीत आहे. जमावात त्या शर्टाचा अर्थ 'आम्ही आहोत' असा असतो. परक्या गावात, एकट्याच्या अंगावर, त्याच शर्टाचा अर्थ वाचणारे 'हा सापडला' असाही लावतात. म्हणून तो कोणी कोठे घालावा याचा निवाडा मी करणार नाही. पण हा शर्ट काळ्या दोऱ्याच्या जातीचा नाही, हे मी ठामपणे म्हणेन. तो स्वतः निवडलेला आहे, उतरवता येतो, पुन्हा घालता येतो. ज्यांच्या अंगावरचा मजकूर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी लिहिला, त्यांनी स्वतःचे पहिले अक्षर छातीवर लिहिले तर त्याला उथळ म्हणण्याची घाई करू नये. घाई करायचीच तर ती त्या अक्षराच्या मागचे वाक्य शिकवण्याची करावी.

यात शिक्षकांचे आणि कार्यकर्त्यांचे काम आहे. शिक्षकाने वर्गातल्या मुलाच्या शर्टावरचे बोधवाक्य फळ्यावर लिहावे आणि ते कोठे, केव्हा, कोणापुढे उच्चारले गेले ते सांगावे. कार्यकर्त्यांनी शर्ट छापण्यापूर्वी मजकूर तपासावा. तो शिवणारा, छापणारा कामगार कोण आणि त्याला किती मजुरी मिळते तेही विचारावे. सफाई कामगारांच्या संघटनांनी पगार, हातमोजे आणि कायम नोकरी यांच्या मागणीपत्रात आणखी एक मागणी घालावी: आमच्या पाठीवर काय लिहायचे ते आम्हाला विचारा. मागणी किरकोळ दिसेल. महाडच्या लुगड्याचा उपदेशही किरकोळच दिसला होता.